अर्जावरचा हात

दहावा महिना लागला की बामगोलकरीण सोयाबीन उकडायला घ्यायची, मग घरात लग्न असो की मर्तिक. त्या वर्षी नवरा तुरुंगात होता, तरी तिनं चूल पेटवलीच. सोयाबीनच्या विटा आत्ता थापून आढ्याला टांगल्या नाहीत, तर वसंतात कालवणाचा खारा रस मुरवायला रांजणांत काय घालायचं? नवऱ्याच्या आठवणीनं कालवणाला चव येत नाही.

बामगोल हे तिचं माहेर. गावातल्या सगळ्या बायकांसारखी तीही माहेराच्या नावानंच ओळखली जाई. लग्नाला चौतीस वर्षं झाली होती. एकुलती लेक दूर डोंगरापलीकडे दिलेली. नवरा प्यो दोक्सू कासार होता, आणि त्यानं ठोकलेली काशाची वाटी वाजवली तर तिचा नाद पेज निवेपर्यंत टिकतो, असं लोक म्हणत. नऊ दिवसांपूर्वी शिपाई आले आणि त्याला दोरी लावून घेऊन गेले. आरोप असा, की महिन्याच्या चौथ्या तारखेला, उन्हं वर आल्यावर, त्यानं सरकारी राखीव टेकडीवरची तीन पाइनची झाडं तोडून भट्टीत घातली. टेकडीचा राखणदार छातीवर हात मारून सांगत होता, मी या डोळ्यांनी पाहिलं. शिक्षा ठरलेली होती, शंभर फटके आणि मग उत्तरेच्या बर्फात हद्दपारी. दोक्सूचं वय चौपन्न, छाती धुरानं पोखरलेली. तिसाव्या फटक्यानंतर हद्दपार करायला कुणी उरणार नाही, हे कचेरीलाही ठाऊक होतं.

चौथ्या तारखेला तो कुठे होता? बामगोलकरणीला विचाराल तर खालच्या बाजाराला. तिसऱ्या तारखेला सकाळी तिनं बांधून दिलेले भाताचे गोळे घेऊन तो चमचे विकायला म्हणून निघाला होता आणि सहाव्याच्या संध्याकाळी परत आला होता. विहिरीवर तिनं चौघींना तसं सांगितलंही होतं. पण शिपायांनी बाजारात चौकशी केली, तर यंदा तो कासार आलाच नाही म्हणाले. तेव्हापासून ती मनाला एकच समजावत होती, बाजारवाल्यांचे डोळे फुटले असतील.

दुपारी फाटकात सावली पडली. तिनं मान वर केली आणि हातातल्या विटेवर जरा जास्तच जोरानं थाप मारली.

फाटकात ओढ्यापलीकडची उभी होती.

सतरा वर्षांपूर्वी दोक्सूनं ओढ्यापलीकडे दोन खोल्या बांधल्या आणि सरायमध्ये काम करणाऱ्या ओक्सोमला तिथं आणून ठेवलं. त्या दिवसापासून बामगोलकरणीनं ते नाव तोंडातून काढलं नव्हतं. ओढ्यावर कपडे धुवायला गेली तर ती वरच्या दगडावर बसायची, म्हणजे आपला मळ तिच्याकडे वाहत जाईल, तिचा आपल्याकडे येणार नाही. गावात कुणाच्या घरचा सोयाबीनचा रस संपला तर हिच्या रांजणातून वाटीभर मिळायचा. त्या घरी मात्र थेंब नाही.

"थोरल्या बाई, आत येऊ का?"

"फाटक उघडं दिसलं की कोंबड्याही येतात. विचारत नाहीत इतकंच."

ओक्सोम आत आली आणि ओट्याखाली उभी राहिली. चाळिशीची झाली होती तरी अंगानं सुटली नव्हती, हे थोरलीनं एका नजरेत टिपलं आणि तिच्या तोंडाची चव गेली.

"सतरा वर्षं वाट सापडली नव्हती, ती आज बरी सापडली."

"माझ्या हातून एक चूक झालीय, बाई."

"एक? मोजायला कुणी शिकवलं गं तुला?"

ओक्सोमनं बाहीतून घडी घातलेला कागद काढून तो दोन्ही हातांनी पुढे धरला. "मी कचेरीत अर्ज दिला. त्यांच्या सुटकेसाठी."

थोरलीच्या हातातली वीट मधोमध फुटली. "तू? कुठल्या नात्यानं?"

"तेच तर झालं ना. बे कारकून म्हणाला, अशा खटल्यात दाद मागायची तर चौघांनीच. मुलानं बापासाठी, बायकोनं नवऱ्यासाठी, धाकट्या भावानं थोरल्यासाठी, गड्यानं धन्यासाठी. तू यातली कोण? आता त्यांना ना मुलगा, ना भाऊ, ना गडी. मी म्हटलं, मी त्यांच्या घरची."

"घरची!"

"मला तसं नव्हतं म्हणायचं हो. त्यांनी बांधलेल्या घरात राहते, म्हणून घरची. पण घरची म्हणजे बायको असं धरून त्यानं दप्तरात लिहूनही टाकलं. मागे ही रांग. खेकसला, ठेव हात. मी ठेवला."

"आणि तोंड? ते कुठं ठेवलं होतंस?"

ओक्सोमनं कागद ओट्यावर पसरला. बारीक बायकी अक्षरं होती. तिला लिहिता येई, थोरलीला येत नसे. अक्षरांच्या खाली शाईच्या रेघेनं काढलेला एक उजवा हात होता. शिक्का नसलेल्या बाईचा हात कचेरीत असाच घेतात, पंजा कागदावर ठेवायला लावून कुंचला कडेकडेनं फिरवतात. आणि डावीकडच्या कोपऱ्यात मोठी, ओढलेली, साहेबी अक्षरं.

"हा मामलेदाराचा हुकूम. परवा, बाजार उठल्यावर, अर्जदार बायकोनं हा कागद घेऊन जातीनं हजर व्हावं. आता मी गेले आणि कुणी ओळखलं, तर अर्ज खोटा. खोटी अर्जदार म्हणून मला फटके बसतील ते बसोत. पण अर्ज एकदा खोटा ठरला की त्याच गोष्टीवर दुसरा घेत नाहीत. मग त्यांच्यामागे कोण उभं राहणार? तुम्हीच जायला हवं, बाई. अर्जदार तुम्ही आहात."

"अर्जदार म्हणजे काय गं? भीक मागणारी?"

"भीक कुणीही मागतं. अर्जदार म्हणजे जिला मागायचा हक्क आहे ती. तिनं विचारलं की मामलेदाराला उत्तर लिहावंच लागतं. आणि कागद मग तिच्याच घरी राहतो, कायमचा."

हे थोरलीला आवडलं. आवडलं हे तिनं तोंडावर दिसू दिलं नाही. "वाच. काय गिरमिटलंयस ते कळू दे."

ओक्सोमनं वाचलं. तिचा आवाज हळूहळू बारीक होत गेला. "'प्यो दोक्सूच्या घरची मी पायाशी बसून अर्ज करते. महिन्याच्या तिसऱ्या तारखेपासून पाचव्यापर्यंत माझा माणूस माझ्या घरी तापानं फणफणत पडला होता. मी त्याच्यावर दोन रजया घातल्या आणि जवाची पेज चमच्यानं भरवली. त्याला उठून उंबऱ्यापर्यंत जाता येत नव्हतं, तो टेकडीवर कसा जाईल...'"

चुलीवरच्या हंड्याची वाफ दोघींच्या मधून वर चालली होती.

"कुणाच्या घरी?" थोरलीनं विचारलं.

ओक्सोम आपल्या पायांकडे पाहू लागली. "माझ्या."

म्हणजे बाजारवाल्यांचे डोळे शाबूत होते. फुटले होते ते हिचेच. सहाव्याच्या संध्याकाळी तो आला, तेव्हा सहा कोस चालून दमलेले पाय म्हणून हिनं पाणी तापवून ते पाय चोळले होते. कुठले सहा कोस! ओढ्यातले अकरा दगड ओलांडून आलेले पाय!

"माझ्या हातचे भाताचे गोळे कुणी खाल्ले?"

"ते... वाया जातील म्हणून..."

"चालती हो."

"बाई, कागद..."

"कागद राहील इथं. तूच म्हणालीस ना, अर्जदाराच्या घरी राहतो म्हणून? नीघ."

ती गेल्यावर थोरलीनं फाटकाला अडसर घातला. हात धुतले, पुसले आणि त्या कागदापुढे बसली. मग इकडे-तिकडे पाहून, चोरी केल्यासारखा, आपला पंजा त्या रेघेत ठेवला.

मावला नाही. बोटं रेघेच्या अलीकडेच संपत होती आणि तळवा चारी बाजूंनी बाहेर सांडत होता. चौतीस वर्षं हंडे उचललेला, मुळे चिरलेला, मिठात बुडवलेला हात तो. रेघेतला हात लांबसडक होता. याच हातानं चमचा धरला, याच हातानं रजई सारखी केली. आणि आता कचेरीच्या दप्तरात प्यो दोक्सूच्या बायकोचा हात म्हणून हाच हात होता. नवरा वाटून घेतला तो घेतला. आता बायकोपणही रेघ मारून नेलं!

दोन दिवस ती विटा थापत राहिली आणि मनातल्या मनात सगळ्यांना फटके देत राहिली. पहिले पन्नास दोक्सूला. खाऊ दे, जवाची पेज पचेल तरी. मग वाटायचं, दुसरा कागदच लिहून घ्यावा की तो माझ्या घरी माझ्या रजईत होता. पण विहिरीवरच्या चौघींना हिनंच सांगून ठेवलं होतं की तो घरी नाही. खोटं बोलायचा हक्क हिला होता आणि खरं घडलं होतं तिच्या घरी. असा तिढा. शेवटी परवाचा दिवस उजाडला तेव्हा एवढंच नक्की होतं, की जायचं. नवरा सोडवायला की नाव सोडवायला, ते वाटेत ठरवू. तिनं इस्त्री केलेला पांढरा झगा घातला, अंबाड्यात चांदीचा काटा खोवला आणि निघाली.

कचेरीच्या अंगणात ही गर्दी. कासाराचा खटला म्हणून अर्धा बाजार तिथंच उठून आला होता. मोठ्या फाटकाच्या खांबाआड, दोन्ही हात बाह्यांत घालून, ओक्सोम उभी होती. थोरलीनं तिच्याकडे पाहिलं नाही, म्हणजे पाहिलं ते बाकी कुणाला दिसू दिलं नाही.

वर ओसरीवर मामलेदार बसले होते. दाढ दुखत असावी. एक गाल सुजलेला आणि तोंडात लांब नळीचा हुक्का. पायरीवर बे कारकून, हनुवटीवर तीळ आणि तिळावर तीन केस.

"अर्जदार?"

"मी."

"प्यो दोक्सूची बायको?"

"चौतीस वर्षं."

"वर्षं नाही विचारली. हात ठेव. खातरजमा करायचीय."

तिनं हात बाहीतून हळूच काढला. "सोयाबीन थापून थापून सुजलाय जरा."

कारकुनानं तिचा पंजा कागदावर दाबला, मान तिरकी करून पाहिलं आणि गर्दीला ऐकू जाईल असं म्हणाला, "तळवा सुजला हे कळलं. पाच दिवसांत बोटंही आखूड झाली का गं? हा दुसराच हात आहे, सरकार!"

अंगणात खसखस पिकली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मामलेदारांनी तोंडातली नळी बाजूला केली.

"बाई, खरं सांग. हा हात कुणाचा?"

आता एक वाक्य बोलायचं होतं. हा हात माझा नाही, सरकार, ही फाटकाशी उभी आहे तिनं बायको म्हणून खोटा लावला. एवढं म्हटलं की दप्तरातली रेघ पुसली जाणार, भर बाजारात त्या बाईला फटके बसणार आणि सगळ्या गावाला कळणार की घरची म्हणजे कोण. सतरा वर्षं ती या वाक्याची वाट पाहत होती. ते जिभेवर आलं, गुळासारखं गोड लागलं. तिनं खांबाकडे पाहिलं. ओक्सोमनं डोळे मिटून घेतले होते. मान खाली, वार झेलायला तयार.

आणि वाक्याचा उरलेला अर्धा भाग थोरलीला दिसला. हात खोटा, की अर्ज खोटा. अर्ज खोटा, की दोक्सू फटक्यांच्या फळीवर पालथा. मग मी कुणाची बायको? विधवेचं दप्तर वेगळं असतं. आणि थोरली म्हणवून घ्यायचं तरी एक धाकटी लागतेच की.

तिनं जिभेवरचा गूळ गिळला.

"हात माझा नाही, सरकार. अर्ज माझा आहे."

"म्हणजे?"

"मोठ्या घरच्या बायका कचेरीची पायरी चढत नाहीत. अर्ज त्यांचा असतो आणि घरातलं माणूस तो घेऊन येतं. हात त्या माणसाचा लागतो. म्हणून अर्जाला कुणी खोटं म्हणतं का?"

"मोठ्या घरच्या!" कारकून फिसकन हसला. "वाट्या ठोकणाऱ्याची बायको मोठ्या घरची कधी झाली?"

"तुझ्या पितरांना भात कुणाच्या वाटीत वाढतोस रे? माझ्या नवऱ्यानं ठोकलेल्याच ना? मग तुझ्या पितरांपेक्षा तरी आमचं घर मोठं आहे."

अंगण खदखदलं. कारकुनाच्या तिळावरचे केस ताठ झाले. मामलेदार हसायला गेले आणि दाढ धरून थांबले.

"बरं. अर्ज घेऊन आलेली कोण?"

इथं मात्र ती अडखळली. सतरा वर्षं न उच्चारलेला शब्द गंजलेल्या कडीसारखा असतो. ओढला तर निघतो, पण खरवडत. "माझी... धाकटी आहे. ओक्सोम नाव. मीच पाठवली होती."

फाटकाशी खांबाआड कुणीतरी हुंदका दिला. बामगोलकरणीला तो हुंदका अजिबात आवडला नाही.

"आणि हे 'माझ्या घरी' म्हटलंय," मामलेदारांनी कागद वर धरला, "ते कुणाच्या घरी?"

कारकून टपलेलाच होता. "सरकार, हिनंच विहिरीवर सांगितलं की नवरा बाजाराला गेलाय. चौघींची जबानी आहे माझ्याकडे."

"सांगितलं ना! मला तो तसंच सांगून गेला. माझ्या हातचे भाताचे गोळे कमरेला बांधून गेला तो सवतीच्या घरी, सरकार. पकडून नेलं त्याच रात्री मला कळलं." (हे तेवढं खोटं होतं, कळून दोनच दिवस झाले होते.) "माझ्या घरी म्हणजे तिच्या घरी. लिहिणारी ती, म्हणून तिनं माझ्या म्हटलं. हसा, हसा सगळे. तुमच्या बायकांना विचारा तुम्ही बाजाराला जाता तेव्हा कुठं असता ते."

पुरुषांचं हसू निम्म्यानं कमी झालं.

मामलेदारांनी ओक्सोमला पुढे बोलावलं. ती येऊन थोरलीपासून चार हात अंतरावर गुडघ्यांवर बसली. "तू सांग. तीन दिवस काय केलंस?"

"ताप भारी होता, सरकार. दोन रजया घातल्या. जवाची पेज दिली..."

"जवाची!" थोरलीला राहवेना. "त्यांना जव आयुष्यात पचलंय का? तापात जव! मारायलाच बसली होतीस का गं?"

"उलटून पडली खरी ती पेज," ओक्सोम खालच्या मानेनं म्हणाली. "म्हणून मग चौथ्या तारखेला, उन्हं अंगणात आल्यावर, मी दवण्याची डागणी दिली. डाव्या गुडघ्याखाली तीन डाग."

वाळक्या दवण्याची गोळी कातडीवर ठेवून पेटवायची, हा उपाय घरोघरी करतात. त्यात ओरडण्यासारखं काही नव्हतं. पण बामगोलकरीण अशी उठली की शिपायाच्या हातातली काठी पडली.

"ते डाग तू दिलेस? तू? मला म्हणाले सरायवाल्या म्हातारीनं दिले! दात पडलेली, बहिरी, ऐंशी वर्षांची म्हातारी होती म्हणाले! मी त्यावर तिळाचं तेल चोळलं! फुंकर घालून चोळलं! तुझ्या डागांवर, माझ्या हातानं!"

तिचा हात ओक्सोमच्या अंबाड्यापर्यंत पोहोचला होता. दोन शिपाई मधे पडले, त्यातल्या एकाची टोपी गेली. "सोडा मला! तिच्याही गुडघ्याखाली तीन देते! मोजून देते!"

मामलेदार दाढ विसरले होते. "थांब, थांब. ते डाग तू पाहिलेस? कधी?"

"सहाव्याच्या संध्याकाळी, पाय धुताना."

"कसे होते?"

"कसे म्हणजे? फोड फुटून ओलसर. कडेनं नुकती लाली उतरायला लागलेली. दोन दिवसांचे."

"दोनच दिवसांचे हे तुला काय ठाऊक?"

"सरकार, चौतीस वर्षं भट्टीवाल्याच्या घरात नांदतेय. सकाळचं भाजलेलं कोणतं आणि कालचं कोणतं हे मला विचारा, तुमच्या वैद्याला विचारू नका."

कैद्याला आणलं. दोक्सू दोघांच्या आधारानं आला. अंगणात आपल्या दोन्ही बायका समोरासमोर पाहिल्यावर त्याला आत परत जावंसं वाटलं असावं. पायजम्याचा डावा पाय वर केला, गुडघ्याखाली बोटभर अंतरानं तीन डाग. खपली पडून गुलाबी झालेले.

मामलेदारांनी कुंचला मागवला. "बे, लिही. खोटंच सांगायचं असतं तर बायको म्हणाली असती, नवरा माझ्याजवळ होता. नवरा सवतीजवळ होता असं भर कचेरीत खोटं सांगणारी बायको मी तीस वर्षांत पाहिली नाही. आणि असला संताप ठरवून आणता येत नाही. चौथ्या तारखेला उन्हं वर आल्यावर या माणसाच्या पायावर डागणी चालली होती, तर राखणदारानं त्याच वेळी टेकडीवर कुणाला पाहिलं? त्या राखणदाराला आणा. याला सोडा."

मग कागदाच्या कोपऱ्यात स्वतःच्या हातानं चार ओळी ओढल्या. "अर्जदारानं आपला हात काढावा."

"कागदावर जागा नाही, सरकार," कारकून म्हणाला.

"आहे त्याच्यावरच काढ."

बामगोलकरणीनं पंजा ठेवला. कुंचला गार होता. तो अंगठ्यावरून निघाला, बोटांच्या दऱ्यांत उतरला, चढला आणि मनगटाशी थांबला. तिनं हात उचलला. कागदावर दोन हात झाले होते. तिचा रुंद, त्याच्या पोटात धाकटीचा अरुंद, आणि वरती लांब बोटांची टोकं बाहेर डोकावलेली. पाचही. तिनं ती मोजली.

परत येताना दोक्सू काठी टेकत मधे, थोरली पुढे, ओक्सोम दहा पावलं मागे. ओढ्याशी वाट फुटते. तिथं दोक्सू थांबला. ना त्याला उजवीकडे पाहायचा धीर होता ना डावीकडे, म्हणून तो पाण्याकडे पाहत राहिला.

"काय बघता? घर विसरलात?" थोरली म्हणाली. "की बाजाराला जायचंय?"

तो मुकाट्यानं तिच्यामागे वळला. ओक्सोमनं वाकून नमस्कार केला. "थोरल्या बाई, तो कागद..."

"माझ्याकडे राहील. अर्जदार मी."

"हो. कधी एकदा बघू द्याल?"

"कशाला? तुझा हात आहे की तुझ्यापाशी." मग दोन पावलं गेल्यावर, मागे न पाहता, "आणि जव देत जाऊ नकोस. तांदूळ शिजव. नसले तर मागून ने."

घरी आल्यावर तिनं कागद मेणकापडात गुंडाळून पेटीच्या तळाशी ठेवला, पेटीवर रजया ठेवल्या. पाणी तापवलं. दोक्सूचे पाय घंगाळात घेतले. तुरुंगातला मळ सुटेपर्यंत ते चोळले. मग डावा गुडघा उजेडाकडे वळवला आणि त्या तीन डागांकडे पाहत बसली.

"अगं, मी सांगणारच होतो..." दोक्सू म्हणाला.

"ऐंशी वर्षांची म्हातारी. बहिरी."



ती उठली, फडताळातून वाळका दवणा काढला, बोटांत चुरून त्याची हरभऱ्याएवढी गोळी वळली. तीन डागांच्या खाली, बोटभर अंतर सोडून, नीट चिकटवली आणि चुलीतली काडी आणली.

दोक्सूनं पाय ओढून घेतला. "हे कशाला? मला आता ताप कुठाय?"

तिनं घोटा घट्ट धरून पाय परत मांडीवर घेतला.

"तुम्हाला नसेल," ती म्हणाली, "मला आहे," आणि काडी टेकवली.